कंपनीत टाकायची की बाहेर करायची?

गाडीच्या शोरूमला दोन दारं असतात. पुढच्या दारातून गाडी विकत मिळते, मागच्या दारातून ती दुरुस्तीला जाते. पुढच्या दारात उभी असते तोवर गाडीत काडीचाही दोष नसतो. "मेंटेनन्स? काहीच नाही सर. ऑइल बदलायचं आणि चालवायची," असं टाय लावलेला तरुण छातीठोकपणे सांगतो. मग मखमली कापडाखालून गाडी प्रकट होते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं चिरडली जातात, पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली घेऊन सहकुटुंब फोटो निघतो आणि आपण पेढे वाटत रस्त्याला लागतो. वर्षभराने हीच गाडी मागच्या दारातून आत गेली की टॅब घेतलेला दुसरा तरुण तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि ऑपरेशन थिएटरबाहेर आलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणतो, "सर, जरा इकडे येता?"

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार पुरुष एकत्र उभे राहिले की हवापाण्याच्या गप्पा आटोपून विषय इथेच येतो. "तुम्ही कंपनीत टाकता की बाहेर करता?" उत्तरावरून माणसाची कुंडली मांडता येते. कंपनीत टाकणारा कुठल्याही फॉर्मवर न वाचता सही करतो आणि रात्री शांत झोपतो. बाहेर करणारा आंब्याच्या पेटीतला खालचा थर बघितल्याशिवाय पाकिटाला हात घालत नाही. तिसरा एक असतो, "वॉरंटी आहे तोवर कंपनीत, नंतर बाहेर" म्हणणारा. तो बँकेतून निवृत्त झालेला असतो, त्याचं म्हणणं बरोबर असतं आणि म्हणूनच त्याच्याशी फारसं कुणी बोलत नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन सर्व्हिस फ्री असतात. फ्री म्हणजे मजुरी फ्री. ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर आणि 'कन्झ्युमेबल्स' नावाचा एक गूढ आकडा हे सगळं आपलं. त्या आकड्यात नेमकं काय असतं असं काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "ग्रीस, केमिकल, कापड वगैरे." म्हणजे ज्या फडक्याने आपली गाडी पुसली त्याचे पैसे आपण भरायचे, फडकं मात्र कंपनीकडेच राहणार.

गाडीचं वय वाढतं तशी यादी लांबत जाते. इंजिन फ्लशिंग, डीकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, आता सिरॅमिक. शिवाय उंदरांसाठी रोडंट रिपेलंट. (उंदरांच्या बाबतीत माझा कंपनीशी वाद नाही. पावसाळ्यात बॉनेटखाली बिऱ्हाड करून वायरिंगचा फराळ करणारा उंदीर ज्याने पाहिला आहे, तो त्या फवाऱ्याला कधी नाही म्हणत नाही.) बाकीच्या नावांची गंमत अशी, की ती ऐकून आपली गाडी आजवर चाललीच कशी, असा प्रश्न पडतो.

या सगळ्यात हुकमाचं पान म्हणजे एसीचा फिल्टर. आपण वेटिंग लाउंजमध्ये बसलेलो असतो. समोर आवाज बंद केलेला टीव्ही, हातात मशीनची कॉफी, मोठ्या काचेपलीकडे लिफ्टवर चढवलेली आपली गाडी. एरवी जी बाजू आपण कधीच बघत नाही ती तिथे सगळ्या गिऱ्हाइकांना दिसते आहे, याचा थोडा संकोचही वाटत असतो. तेवढ्यात अॅडव्हायझर दोन्ही हातांवर फिल्टर घेऊन येतो. घड्या घड्यांचा, कधीकाळी पांढरा असलेला. त्या घड्यांत पिंपळाचं एक वाळकं पान, चिमूटभर माती, कुठल्याशा पाखराचं पीस आणि एका पाकोळीचे पार्थिव अवशेष.

"बघा सर. याच्यातून तुम्ही श्वास घेताय."

आपण गप्प.

"लहान मुलं बसतात का गाडीत?"

या प्रश्नाला "बसतात, पण राहू दे" असं उत्तर देणारा बाप अजून जन्माला यायचा आहे. फिल्टर बदलला जातो. आता हा फिल्टर असतो कुठे? बहुतेक गाड्यांत डाव्या सीटसमोरच्या कप्प्याच्या मागे. कप्पा रिकामा करायचा, दोन्ही बाजूंनी आत दाबायचा, तो आपसूक खाली लोंबतो. मागे प्लॅस्टिकचं एक झाकण दिसतं, त्याची खिटी दाबली की फिल्टर ड्रॉवरमधून निघावा तसा बाहेर येतो. नवा घालताना त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना एवढं बघायचं. पाना नको, पक्कड नको. दुकानात तो दोन-चारशे रुपयांना मिळतो. कंपनीत तेवढ्याला पार्थिवाचं दर्शनही होत नाही.

त्या अॅडव्हायझर पोराचा मला राग येत नाही. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून सांगली-साताऱ्याकडून आलेला असतो, तिघांत खोली घेऊन राहत असतो आणि महिन्याला अमुक इतकी 'व्हॅल्यू अॅडेड सर्व्हिस' विकायचं टार्गेट त्याच्या मानेवर असतं. गाड्या दुरुस्त करायच्या म्हणून हा पोरगा शिकला आणि त्याच्या हातात आली ती यादी. तोसुद्धा मनापासून कोटिंग विकत नाही. मी तीन वेळा नाही म्हटलं की चौथ्यांदा विचारताना त्याच्याच चेहऱ्यावर सुटका दिसते.

खरा उपाय गाडीतच असतो. कप्प्यात, विमा आणि पीयूसीच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं एक जाडजूड पुस्तक असतं. ओनर्स मॅन्युअल. गाडीबरोबर आलेल्या वस्तूंपैकी सगळ्यांत कमी वापरलेली. त्यात शेवटाकडे एक तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी, दोन्हींपैकी आधी येईल तेव्हा, कशाचं काय करायचं. अनेक कंपन्यांच्या तक्त्यात दोनच अक्षरं ठिकठिकाणी पेरलेली असतात, इंग्रजी 'आय' आणि 'आर'. आय म्हणजे तपासा, आर म्हणजे बदला. मी एकदा आमच्या गाडीचा तक्ता आणि हातातलं एस्टिमेट शेजारी शेजारी ठेवून वाचलं. डीकार्बनायझिंग तक्त्यात औषधालाही नव्हतं. आणि ज्यांच्यासमोर आय होता, त्या बऱ्याच ओळींचा एस्टिमेटमध्ये आर झाला होता.

"हे तर नुसतं तपासायला सांगितलंय," मी पुस्तक पुढे केलं.

"सर, तपासलं ना. बदलायला झालंय."

इतक्या चोख युक्तिवादापुढे माणूस काय बोलणार? पण पुस्तक उघडल्यावर एस्टिमेट चौदा-पंधरा हजारांवरून आठ-नऊवर आलं, हेही खरं. गाडीच्या कप्प्यातून पुस्तक काढणारं गिऱ्हाईक त्यांनी फारसं बघितलं नसावं.

सरकारदरबारीही हे दुखणं पोहोचलं होतं. २०११ साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळतच नाहीत, त्यामुळे बाहेरचा मेकॅनिक हात टेकतो आणि गिऱ्हाइकाला पुन्हा कंपनीच्याच दारात यावं लागतं. आयोगाने चौकशीचा पैस वाढवला आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांनाही मिळू द्या, असं बजावलं. आणखी एक गोष्ट सांगितली, ती पार्किंगमधल्या चर्चेत कुणालाच ठाऊक नसते. बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. पुढे प्रकरण अपिलांच्या आणि कोर्टांच्या वाटेला लागलं, ते लागायचंच. पण आजही तुम्ही "मी ऑइल बाहेर बदललं" असं म्हटलंत, की काउंटरपलीकडचा माणूस ज्या नजरेने बघतो, ती नजर आयोगाच्या आदेशात कुठेही बसत नाही.

आणि सुटे भाग येतात तरी कुठून? पुण्याच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात छोटे-मोठे कारखाने दिवसरात्र गाड्यांचे अवयव बनवत असतात. आपल्याच नात्यातला कुणीतरी त्यांपैकी एखाद्यात शिफ्टला जातो. तिथे तयार झालेला भाग गाडीच्या कंपनीच्या गोदामात जातो, तिच्या नावाच्या खोक्यात बसतो आणि तिथून पुण्यात परत येतो. तोच भाग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातून नाना पेठेत येतो तेव्हा बराच स्वस्त असतो. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "मॉडेल? पेट्रोल का डिझेल? कंपनीचं देऊ का मार्केटचं?" या 'मार्केटचं'च्या पोटात पुन्हा उतरंड आहे. ओईएम, त्याखाली चांगलं मार्केटचं, त्याखाली नुसतं मार्केटचं आणि तळाशी जे असतं त्याबद्दल दुकानदारच म्हणतो, "विकायची असेल गाडी तर घाला." असा स्पष्टवक्ता माणूस कंपनीच्या काउंटरवर सापडणं कठीण.

आता बाहेरचं गॅरेज. आमचा मिस्त्री, ज्याला आसपासचे सगळे उस्ताद म्हणतात, एका कडुनिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. भिंतीवर ऑइल कंपनीचं कॅलेंडर, खाली पान्यांचा ढीग, एका कोपऱ्यात बॉनेट उघडं टाकून मालकाची वाट बघणारी एक जुनी गाडी. ती गाडी मी पहिल्यांदा गेलो तेव्हाही तिथेच होती. तिच्या मालकाचं पुढे काय झालं, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.

आमच्या गाडीतून थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर किर्र असा आवाज यायचा. कंपनीतल्या अॅडव्हायझरने गाडी लॅपटॉपला जोडली, एक चक्कर मारली आणि अल्टरनेटर असेंब्ली बदलायला सांगितली. आकडा ऐकून मी चावी परत मागितली. उस्तादने लॅपटॉपऐवजी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. पोऱ्याला गाडी रेस करायला बसवलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका पुलीजवळच्या बोल्टवर टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटले. पहिल्या ठिकाणी मान हलली, नाही. दुसऱ्या ठिकाणी नाही. तिसऱ्या ठिकाणी थांबला. पोऱ्याला हाताने खूण केली, आणखी रेस. मग डोळे उघडून म्हणाला, "अल्टरनेटर ठणठणीत हाय साहेब. आयडलरचं बेअरिंग गेलंय." पट्टा काढून त्याने पुली माझ्या हातात दिली. फिरवून बघितली तर बोटांना खरखर लागली. बेअरिंग आणि मजुरी मिळून आकडा एवढा लहान होता, की मी दोनदा विचारलं.

यात कंपनी खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. तिथली रीतच तशी आहे. सुट्या भागांच्या यादीत जे एका नंबरखाली येतं ते एक अख्खं बदलायचं. आतलं बेअरिंग यादीत नसेल तर ते जगातच नसतं. आरशाची काच फुटली तर आरसा बदला. हेडलाइटचा प्लॅस्टिकचा एक कान तुटला तर हेडलाइट बदला. उस्ताद तोच कान तापवलेल्या तारेने डागून जोडतो. वेळ मोजून पैसे घेणाऱ्या जागी खोलून बघणं परवडत नाही आणि खोललेल्या वस्तूची हमी कुणी देत नाही. उस्ताद हमी देतो, पण ती अशी: "काय झालं तर मी हायेच की."

ही हमी कडुनिंबापासून साधारण पाच किलोमीटरपर्यंत लागू असते. खंबाटकीच्या घाटात रात्री अकरा वाजता तिचा उपयोग होत नाही.

उस्तादच्या पंथातही धोके आहेत. पहिला धोका वेळ. कंपनी 'तुमची गाडी ५.३० ला तयार' असा मेसेज पाठवते आणि सहाला देते. उस्ताद "संध्याकाळी या" म्हणतो. कुठल्या, ते सांगत नाही. दुसरा धोका म्हणजे काम संपल्यावर त्याच्या तळहातावर उरलेला नट. "हा कुठला?" असं विचारलं तर तो एक क्षण नटाकडे बघतो, तो खिशात टाकतो आणि म्हणतो, "कंपनीवाले एक-दोन जास्तीच लावतात." तिसरा धोका गंभीर आहे. कंपनीत कुठलीही वस्तू कधीच अजून चालणारी नसते, तर उस्तादकडे प्रत्येक वस्तू अजून चालते. टायर चालतात, बुश चालतात, क्लच तर "अजून दोन दिवाळ्या" चालतो. हे ऐकायला इतकं गोड असतं, की आपण बाहेर जातो ते पैसे वाचवायला की हे ऐकायला, असा मला संशय आहे. माणसाला कुणीतरी अधूनमधून "काय झालेलं नाही, चालवा बिनधास्त" म्हणायला हवंच. पण ब्रेकचं पॅड नवं असताना साधारण दहा मिलिमीटर जाड असतं आणि तीनच्या आसपास आलं की बदलायचं असतं, हा हिशोब दिवाळ्यांत करता येत नाही. ब्रेक, स्टेअरिंग आणि एअरबॅग या तीन ठिकाणी मी उस्तादचा आशावाद बाजूला ठेवतो.

ऑइलच्या बाबतीत मात्र आमचं जुळलं आहे. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचा सीलबंद डबा मी स्वतः नेतो. कंपनीच्या नावाचं ऑइल म्हणून जे मिळतं तेही शेवटी कुठल्यातरी तेल कंपनीनेच भरलेलं असतं. गाड्या बनवणारे काही विहिरी खोदत नाहीत. उस्ताद माझ्यासमोर सील तोडतो, जुनं काळंकुट्ट ऑइल खाली तसराळ्यात उतरतं, नवं मधाच्या रंगाचं आत जातं. मग तो रिकामा डबा घेतो आणि स्क्रू ड्रायव्हरने त्याला खळ्ळकन भोक पाडतो. अखंड डबे भंगारवाल्याकडून नकली ऑइल भरणाऱ्यांकडे जातात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कुणी न सांगता त्याने पहिलं भोक पाडलं, तेव्हापासून मी त्याचा झालो. हिशोबाच्या वेळी तो विचारतो, "बिल पायजे का साहेब? बिलावर अठरा टक्के पडतील." २२ सप्टेंबर २०२५ ला सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, तेव्हा शहरात सगळीकडे फलक लागले. उस्तादच्या गिऱ्हाइकांच्या आयुष्यात त्या दिवशी काही घडलं नाही.

तिसरा पंथ नवा आहे. आमच्या शेजारच्या काकांनी एकेकाळी प्रीमियर पद्मिनी बाळगली होती. रविवारी सकाळी प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं, पॉइंट सेट करणं ही त्यांची संध्या होती. आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं की वर काळं प्लॅस्टिकचं झाकण आणि त्याखाली हात घालायला जागा नाही, म्हणून ते बरीच वर्षं खिन्न होते. मग मुलाने ऑनलाइन हजारभर रुपयांचं एक ब्लूटूथ यंत्र मागवून दिलं. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ते खुपसलं की गाडी आपली दुखणी कोडमध्ये फोनवर सांगते. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की आधी कंपनीत धाव घ्यावी लागे. आता काका आधी निदान करतात. हे खरंच उपयोगी आहे. निदान हाती घेऊन कंपनीत गेलं, तर समोरचा माणूस जपून बोलतो. फक्त काकांची स्वतःची गाडी आता पुरत नाही. रोज संध्याकाळी ते फोन घेऊन पार्किंगमध्ये उभे असतात आणि घरी परतणाऱ्या दमलेल्या माणसांना म्हणतात, "दोनच मिनिटं. स्कॅन करून टाकू. बरी दिसत नाही मला."

कंपनीत टाकायचं आणखी एक कारण लोक देतात, ते म्हणजे पुढे गाडी विकताना सर्व्हिसची नोंद दाखवता येते. जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचल्या तर या नोंदीची महती कळते. 'सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड, डॉक्टरची गाडी.' महाराष्ट्रात विकायला निघालेल्या गाड्या बघता इथे डॉक्टरांखेरीज कुणी गाडी चालवत असेल असं वाटत नाही. आमच्यापुरतं म्हणाल तर वॉरंटी आहे, म्हणून वर्षातून एकदा पुस्तकासकट कंपनीत, आणि मधल्या किरकिरीला उस्ताद. निवृत्त बँकवाल्यांचंच म्हणणं, पण मी ते पार्किंगमध्ये कबूल करत नाही.

मागच्या सर्व्हिसला मी गावाला होतो, म्हणून बायको गाडी घेऊन गेली. गाडी परत घेताना अॅडव्हायझरने नेहमीप्रमाणे हळूच सांगितलं, "मॅडम, उद्या फीडबॅकचा कॉल येईल. दहापैकी दहा द्या प्लीज. नऊ दिले तरी आम्हाला फेल धरतात." दुसऱ्या दिवशी कॉल आला. बायको पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. तिने सात दिले.

तासाभरात अॅडव्हायझरचा फोन. मग त्याच्या साहेबांचा. मग एका गोड आवाजाच्या बाईंचा, ज्यांच्या हुद्द्यात 'डिलाइट' हा शब्द होता. पॉलिश फुकट करून देतो, एसीचा फिल्टर फुकट बदलतो, पुढच्या खेपेला मजुरीत वीस टक्के सूट देतो. इतकी वर्षं पुस्तक उघडून, तक्ता दाखवून, हुज्जत घालून मला जे मिळालं नव्हतं ते आपल्या पावलांनी चालत घरी येत होतं. शेवटी खुद्द जनरल मॅनेजर फोनवर आले.

"मॅडम, आमचं नेमकं कुठे चुकलं?"

"चुकलं कुठे? सात म्हणजे चांगलेच मार्क आहेत."

"पण मग तीन मार्क कशाचे कापलेत?"

"एक अक्षराचा," ती म्हणाली. "जॉब कार्डवरचं अक्षर लागत नाही. एक वेळेत पेपर दिला नाहीत त्याचा. आणि यादीत विचारलं नसताना जास्तीचं लिहिलंत, त्याचा एक."